वास्कोचे खलाशी आणि अंगणातला आवळा

कार्तिक शुद्ध द्वादशीला गोव्यात 'व्हडली दिवाळी' साजरी होते. तुळशीवृंदावन रंगवले जाते, उसाचा मांडव उभा राहतो आणि तुळशीच्या शेजारी चिंचेची व आवळ्याची फांदी फळांसकट रोवली जाते. पेडणे-डिचोलीकडच्या गावांत ही फांदी परसातून किंवा जवळच्या डोंगरावरून येते. आम्हां मुरगावकरांची वृंदावने आता गॅलरीतल्या कुंडीत आली आहेत आणि फांदी वास्कोच्या बाजारातून विकत येते. लग्न लागते, चुरमुरे-पोहे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी ती फांदी, तिच्यावरची पाच-सात फळे तशीच अंगावर घेऊन, निर्माल्यात जाते. वर्षानुवर्षे मीही हेच करीत आले. २०१७ सालच्या कार्तिकात मात्र एका बालरुग्णामुळे त्या फळांकडे मला निराळ्या दृष्टीने पाहावे लागले.

साडेतीन वर्षांचा मुलगा. तीन आठवड्यांपासून चालणे सोडलेले. उभे केले की किंकाळी फोडायचा, मांडीला हात लावू देत नसे आणि पाय गुडघ्यात दुमडून, बाजूंना फाकून, बेडकासारखा पडून राहायचा. घर सुस्थितीतले, आईवडील दोघेही शिकलेले, नोकरी करणारे. मुलाचे वजन वयाला साजेसे होते आणि त्या वजनाने मला फसवले. आधी मी विषाणुजन्य तापानंतरची खुब्याची सूज असे निदान केले. ती ओसरेना, तेव्हा हाडाच्या आत जंतुसंसर्ग असावा म्हणून प्रतिजैविके सुरू केली. हिमोग्लोबिन ७.८ आले, हिरड्या सुजून जांभळ्या दिसू लागल्या आणि दात घासताना रक्त येऊ लागले. प्लेटलेट मात्र व्यवस्थित होत्या. रक्ताच्या कर्करोगाची शंका मनात डोकावली आणि हाडातील मगज तपासण्याची तारीखही ठरली. आईच्या डोळ्यांकडे पाहण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मुलाची आजी पेडण्याहून आली. ती बाजूला बसून सुनेला विचारीत होती, "पोर दिसभर खाता तरी कितें?" हा प्रश्न खरे तर मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. उत्तर असे निघाले : पिशवीतले दूध उकळून, त्यात बिस्किटे कालवून दिवसातून तीन-चार वेळा, दुपारी पांढरा भात आणि दही, मधल्या वेळी वेफर. मुलाला बोलणे उशिरा आलेले, खाण्यात कमालीचा हट्टी. ओलसर, तंतुमय असे काही जिभेला लागले की ओकारी काढायचा. फळ किंवा हिरवी भाजी दीड वर्षात पोटात गेलेली नव्हती. मी घरी जाऊन त्याच क्ष-किरण पट्ट्या पुन्हा प्रकाशात धरल्या. गुडघ्याजवळच्या हाडांच्या टोकांशी दाट पांढरी रेषा, तिच्याखाली विरळ पडलेला पट्टा आणि लहान अस्थिकेंद्रांभोवती खडूने काढल्यासारखे कडे. पदव्युत्तर परीक्षेला ही चित्रे घोकून पाठ केली होती. हा स्कर्व्ही होता.

मगजाची तपासणी रद्द केली. रोज ३०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व सुरू केले. तिसऱ्या दिवशी मुलाने मांडीला हात लावू दिला, दुसऱ्या आठवड्यात तो भिंतीला धरून उभा राहिला आणि महिनाभरात धावू लागला. काही रुपयांच्या गोळ्यांनी हे घडले. आजीने मला एवढेच विचारले, "दोतोर, ताका आवाळो दिल्यार चलता?"

ज्या शहरात हे घडले त्याचे नाव वास्को द गामा. याच नावाच्या माणसाच्या ताफ्याने स्कर्व्हीची जी किंमत मोजली, तिचा एक मोठा टप्पा आपल्या दारापासून सुरू झाला. कालिकतहून परतताना गामाची जहाजे २४ सप्टेंबर १४९८ च्या सुमारास अंजदीव बेटाला लागली. हे बेट आजही गोव्याच्याच हद्दीत आहे, कारवारच्या किनाऱ्यासमोर, मुख्य भूमीपासून अगदी जवळ. तेथे जहाजांची डागडुजी झाली, गोडे पाणी भरले गेले, आणि ५ ऑक्टोबरला ताफा आफ्रिकेकडे निघाला. वारा प्रतिकूल होता, मधूनमधून तो पडतही होता. अरबी समुद्र ओलांडायला सुमारे तीन महिने लागले. या सफरीची जी दैनंदिनी उपलब्ध आहे तिच्यात लिहिले आहे की, खलाशांच्या हिरड्या दातांवर इतक्या वाढल्या की त्यांना खाता येईना, पाय सुजले, सूज अंगभर पसरत गेली आणि माणसे मरत गेली. या एका टप्प्यात ३० माणसे गेली, तितकीच पूर्वी गेली होती. प्रत्येक जहाजावर कामाला उभी राहू शकतील अशी सात-आठच माणसे उरली. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक जहाज चालवायला माणसे नाहीत म्हणून जाळून टाकावे लागले.

आश्विन महिना म्हणजे आवळा झाडावर भरत येण्याचा काळ. अंजदीवसमोरच्या सह्याद्रीच्या उतारांवर तो पूर्वीपासून रानटी वाढतो. पाण्याची पिंपे भरताना आवळ्यांची दहा-वीस पोती कुणी जहाजावर चढवली असती तर? इतिहासात 'जर-तर'ला स्थान नसते हे मला ठाऊक आहे. पण आपल्या शहराच्या नावाशी ही गोष्ट जोडलेली असूनही आपल्या मुलांना ती कुणी सांगत नाही, याचे आश्चर्य वाटते.

या रोगाचे उत्तर सापडले आणि हरवले, असे अनेकदा घडले. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यविशारदाने स्कर्व्हीच्या १२ रुग्णांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी आठवड्याभरात सुधारली. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्वांना देण्याचा नियम १७९५ मध्ये केला. मधली ४८ वर्षे खलाशी मरतच राहिले. १८८३ मध्ये लंडनच्या थॉमस बार्लो यांनी हाच रोग सुखवस्तू घरांतील तान्ह्या मुलांत दाखवून दिला. आईच्या दुधात क जीवनसत्त्व असते. उकळलेल्या, डबाबंद दुधात ते उरत नाही. माझा रुग्ण बार्लोंच्या रुग्णांचाच वारसदार होता. त्यातील रासायनिक द्रव्य कोणते, हे पुढे हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या संशोधनातून १९३२ च्या सुमारास निश्चित झाले. त्यासाठी त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. माणूस, माकडे, गिनिपिग आणि काही वटवाघळे यांच्यात त्या साखळीतील शेवटचे विकर नाही, म्हणून आपल्याला ते अन्नातूनच घ्यावे लागते. ते नसेल तर शरीराला कोलॅजन नीट विणता येत नाही. कोलॅजन म्हणजे हाडे, हिरड्या आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारा दोरखंड. त्याचे पीळ सैल पडले की हिरड्यांतून रक्त झिरपते, हाडाच्या आवरणाखाली रक्तस्राव होतो आणि मूल पाय हलवायचे थांबते. खलाशांचे सुजलेले पाय आणि माझ्या रुग्णाची किंकाळी यांच्यामागचे कारण एकच होते.

मराठी माणसाचाही या रोगाशी दुर्दैवी परिचय झालेला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या वेढ्यात, मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरला. कोरडी डाळ, पीठ आणि तूप यांत क जीवनसत्त्व नसतेच. त्या सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की, कोरड्या कडधान्यात नसलेला हा स्कर्व्हीरोधक घटक त्याला मोड आले की निर्माण होतो. मटकीची उसळ करणाऱ्या आपल्या आज्यांना हे ऐकून गंमत वाटली असती. आवळ्याला मान मिळाला तो १९३९-४० मध्ये, पंजाबातील हिसारच्या दुष्काळात. तेथे स्कर्व्ही झालेल्या लोकांवर आवळ्याचा उपचार यशस्वी झाला. निलगिरीतील कुन्नूर येथे तेव्हा पोषण संशोधन प्रयोगशाळा होती. तीच १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे 'राष्ट्रीय पोषण संस्था' म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके घराघरांत पोहोचली ती या संस्थेमुळे.

त्या कोष्टकांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण आपण डॉक्टरमंडळी जुने आकडे फार विश्वासाने सांगतो. 'शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व' हे आपण सर्वांनी वैद्यकीय महाविद्यालयात पाठ केले. २०१७ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने नव्या, अधिक काटेकोर पद्धतीने केलेली कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत आवळ्याचा आकडा सुमारे २५२ आहे आणि पेरूचा २१४ ते २२२. आवळ्याचा पहिला क्रमांक अबाधित राहिला, पण पेरू त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा आहे. आवळ्यातील टॅनिनांवरही वाद झालेला आहे. १९९६ मध्ये काही भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी आवळ्याच्या गुणाचे श्रेय एम्ब्लिकॅनिन नावाच्या टॅनिनांकडे वळवले, तर नंतरच्या विश्लेषणांत क जीवनसत्त्वही स्पष्टपणे आढळले. फळाची जात, पक्वता, तोडल्यापासून गेलेला काळ यांवर आकडा पुष्कळ बदलतो. म्हणून मी पालकांना लहान आकडा धरून हिशेब सांगते. बी काढून २० ग्रॅम गर, म्हणजे बाजारातल्या एका मध्यम आवळ्याचा गर, साधारण ५० मिलिग्रॅम देतो. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि प्रौढ पुरुषाला ८० मिलिग्रॅम लागते. मुलाला अर्धा-पाऊण आवळा पुरेसा होतो. याहून अधिक खाल्ल्याने मूल अधिक निरोगी होत नाही. जादा जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते.

नावाचा घोळही सांगायला हवा. इंग्रजीत आवळ्याला 'इंडियन गूजबेरी' म्हणतात, परंतु युरोपातील खरी गूजबेरी ही काटेरी झुडपावर येणारी, अगदी वेगळ्या कुळातील वनस्पती आहे. तिच्यात १०० ग्रॅमला जेमतेम २८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. 'केप गूजबेरी' म्हणून पातळ कागदी आवरणात मिळणारे पिवळे फळ टोमॅटो-वांग्याच्या कुळातले. किवी म्हणून जे महागडे फळ आता आपल्या बाजारात दिसते त्याला तर १९५९ पर्यंत 'चायनीज गूजबेरी' म्हणत. न्यूझीलंडच्या निर्यातदारांनी नाव बदलले आणि त्याचे भाग्य उजळले. आणि आपला रायआवळा, ज्याचे पिवळट, पाकळ्यांसारखे कंगोरे असलेले घोस आम्ही शाळेच्या वाटेवर मिठाबरोबर खात असू, तो आवळ्याचा सख्खा भाऊबंद असला तरी क जीवनसत्त्वाच्या बाबतीत अगदीच गरीब. तेव्हा आंतरजालावर 'गूजबेरी' शोधून मिळालेला आकडा आवळ्याला लावू नये.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला स्कर्व्हीपेक्षा मोठी चिंता आहे ती पंडुरोगाची. स्कर्व्हीचे मूल मी साऱ्या कारकिर्दीत दोन-तीनदाच पाहिले. फिकट मूल रोज पाहते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांत रक्तक्षय आढळला. साक्षरतेत, उत्पन्नात, दवाखान्यांच्या संख्येत देशात वरच्या क्रमांकावर असलेल्या राज्याची ही स्थिती आहे. डिचोलीच्या डोंगरातले लोखंड बार्जमध्ये भरून अनेक दशके नदीवाटे मुरगाव बंदरात येत राहिले आणि बोटी भरभरून परदेशी गेले. त्याच बंदरावरच्या मुलांच्या रक्तात मात्र लोह नाही. आपल्या भात-आमटी-भाजीतले लोह फेरिक रूपात असते आणि आतड्याला ते सहज शोषता येत नाही. क जीवनसत्त्व त्याचे फेरस रूप करते आणि ते विरघळलेले ठेवते. अट एकच, दोन्ही एकाच जेवणात पोटात जायला हवीत. सकाळी आवळ्याचा रस आणि दुपारी पालेभाजी, असे केल्यास लोहाला त्याचा उपयोग नाही.

येथे आवळ्याच्या बाजूने मी हातचे राखून बोलते. त्यातील टॅनिने लोहाला बांधूनही ठेवू शकतात. चहाबद्दल आपण हीच तक्रार करतो. पेरूबाबत पुरावा अधिक स्वच्छ आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलांना भाताच्या जेवणाबरोबर पेरू दिला, तेव्हा लोहाचे शोषण लक्षणीय वाढले. म्हणून रक्तक्षय असलेल्या मुलाच्या आईला मी जेवणाबरोबर पेरूची फोड, नाहीतर आमटीवर लिंबू सांगते. आवळा आवडत असेल तर त्याची ओली चटणी. आणि लोहाचे औषध ठरल्याप्रमाणे द्यायचेच. फळ हा त्याला पर्याय नव्हे.

आपल्या परंपरेने आवळ्याला फार उंचावर बसवले आहे, अक्षरशः. उत्तर भारतीय धाटणीच्या मंदिरशिखरावर कलशाखाली जे कंगोरेदार चकतीसारखे अंग असते त्याचे नाव 'आमलक'. स्पष्ट कळलेल्या गोष्टीला आपण 'हस्तामलकवत्' म्हणतो. अशोकावदानात अशी कथा आहे की, सम्राट अशोकाकडे अखेरीस स्वतःचे म्हणावे असे अर्धे आवळ्याचे फळ उरले आणि तेही त्याने कुक्कुटाराम विहाराला दान केले. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली भोजन करण्याची प्रथा आपल्या घरांतून आत्ताआत्तापर्यंत होती. हिवाळ्याच्या तोंडाशी, फळ पिकू लागण्याच्या वेळी, सगळे कुटुंब त्या झाडाखाली नेऊन बसवणाऱ्या पूर्वजांना जीवनसत्त्व ठाऊक नव्हते. फळ ठाऊक होते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील च्यवनप्राशाच्या पाठात ५०० आवळे मोजून घ्यायला सांगितले आहेत. तो पाठ वृद्ध झालेल्या च्यवन ऋषींसाठी होता, याकडे मी पालकांचे लक्ष वेधते. आयुर्वेदाविषयी मला आदर आहे आणि आमच्या संस्थेतील वैद्य मित्रांशी या विषयावर भांडणे माझ्या प्रकृतीला मानवणारे नाही. पण जाहिरात पाहून तीन वर्षांच्या मुलाला रोज दोन मोठे चमचे भरवणाऱ्या आईने डब्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे साखरेचा वाटा मोठा असतो. एक वर्षाखालील बाळाला तर च्यवनप्राश देऊच नये, कारण त्यात मध असतो आणि मधातून बोट्युलिझमचा धोका अर्भकांना असतो. आवळा कँडीची गोष्ट तीच. पाकात मुरलेला आवळा हा गोड पदार्थ आहे, फळ म्हणून त्याचा हिशेब धरू नये. आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण आपण ऐकली आहे. येथे कोहळ्याचे पैसे मोजून पदरात साखर पडते.

मग द्यावा कसा? पहिली सूचना गळ्याची : आवळ्याची आठळी कठीण आणि गुळगुळीत असते. पाच वर्षांखालील मुलाच्या हातात अख्खा आवळा देऊ नये. किसून किंवा पातळ चकत्या करून, मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून द्यावा. तुरटपणा बराच उतरतो. ओले खोबरे, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालून केलेली चटणी मुले भाताबरोबर खातात. उष्णतेने आणि हवेने क जीवनसत्त्व नष्ट होते, मात्र आवळ्याच्या आंबटपणामुळे व टॅनिनांमुळे ते इतर भाज्यांच्या मानाने बरेच टिकते, म्हणून आवळ्याचे सार किंवा वाळवलेली आवळकाठी अगदीच निरुपयोगी नाही. तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात मात्र शिजवू नये. हंगामात किस करून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर उन्हाळ्यापर्यंत पुरतो. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पेला-पेला रस रोज पिण्याच्या फंदात पडू नये आणि थॅलेसेमियाच्या मुलांना वरचेवर रक्त द्यावे लागते, त्यांच्या बाबतीत तज्ज्ञांना विचारल्याशिवाय क जीवनसत्त्वाचा भडिमार करू नये. आवळ्याने मधुमेह बरा होतो काय, केस काळे राहतात काय, असे प्रश्न मला समारंभांतून विचारले जातात. मधुमेहाची गोळी आवळ्यासाठी बंद करू नका, एवढे सांगून मी पानावर बसते.

व्यवसायबंधूंना मात्र एक विनंती करते. लंगडणारे किंवा चालणे सोडलेले मूल समोर आले, विशेषतः बोलण्यात मागे असलेले, स्वमग्नतेची छटा असलेले, चार ठरावीक पदार्थांवर जगणारे, तर वजनकाट्यावर विसंबू नका. हिरड्या पाहा. आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले ते आईकडून घटकाभर बसून लिहून घ्या. माझ्या दवाखान्यात पहिल्या भेटीच्या कागदावर आता ती जागा छापलेलीच आहे. हे मी एका लेकराच्या तीन आठवड्यांच्या वेदनेच्या किमतीवर शिकले.

तो मुलगा आज फुटबॉल खेळतो. बोलणे भरपूर सुधारले आहे, खाण्याचा हट्ट पुष्कळसा टिकून आहे. त्याची आजी दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी पेडण्याहून माझ्यासाठी आवळ्याची फांदी आणि पिशवीभर डोंगरी आवळे पाठवते. नातवाला मात्र आवळा अजूनही आवडत नाही. तो पेरू खातो, बिया काढून.